मुदपाकाच्या पेजवरची मिठाची ओळ

काकांचा आवाज काढायचा असेल तर आधी हनुवटी छातीला टेकवायची. मग पोटातून हवा वर ढकलायची आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक "हूं" टाकायचा, डब्याला इंजिन जोडताना जसा धक्का बसतो तसा. "हूं. पाणी तापलं? हूं. मग माझ्याकडे काय बघतोस?" मी हे आठवीपासून करतोय. दरवर्षी आमच्या समाजाच्या गणपतीत, स्टेजवर, काकांच्या समोर. काका पहिल्या रांगेत बसायचे आणि अजिबात हसायचे नाहीत. घरी जाऊन हसतात, असं त्यांच्या घरच्या काकूंनी एकदा सांगितलं होतं.

काका म्हणजे कोणाचेच सख्खे काका नाहीत. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले. तसे ते झाशीच्या जुन्या मराठी घरातले, आम्हीपण तसेच, ओरछा गेटच्या आतले. समाजाच्या हॉलमागे जे किचन आहे त्याला जुनी घरं अजून "मुदपाक" म्हणतात. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या रेल्वेवाल्यांना हा शब्द ऐकून वाटतं आम्ही गंमत करतोय. आम्ही करतो गंमत, पण यात नाही. अनंत चतुर्दशीला तिथे तीनशे माणसांचं जेवण बनतं आणि किती वर्षं झाली, ते काकाच बनवतात. हाताखाली आम्ही असतो, पण आम्ही फक्त सोलतो, चिरतो, उचलतो. डोकं त्यांचं.

जूनमध्ये काकांच्या घशात काहीतरी निघालं. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. जुलैच्या शेवटी ऑपरेशन.

समाजाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काकूंनी विषय काढला. या काकू रिटायर मास्तरीणबाई, सहावीत मला गणित शिकवलेलं, आणि मला बघून अजून त्यांचा हात खडू शोधतो. त्यांचं म्हणणं साधं होतं. काका ऑपरेशनमधून उठून तीनशे लोकांचा स्वयंपाक करणार नाहीत, दुसऱ्या कोणाला तो येत नाही, तर यंदापासून इलाइट चौराह्यावरचा एक कॅटरर ठरवावा. एकदा कॅटरर आला की मुदपाक बंद, हे त्या बोलल्या नाहीत, पण सगळ्यांना कळलं. ती खोली स्टोअर होणार, खुर्च्या ठेवायला.

काका तेव्हा बोलू शकत होते, आवाज घोगरा झाला होता फक्त. त्यांनी एवढंच म्हटलं, "लिहून घ्या."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण समाजाची एक विकी आहे, विकिपीडियासारखी, कोणीही लिहावं अशी. पुण्याला गेलेल्या आमच्यातल्याच एकाने उत्साहात बनवली आणि विसरला. चार पेजं होती, त्यातलं एक रिकामं. मी एकदा तिथे जाऊन आरतीच्या पेजवरच्या चुका दुरुस्त केल्या होत्या, तेव्हापासून मी "विकीवाला".

काकूंनी अट घातली. ज्याने हा स्वयंपाक कधी केलेला नाही अशा माणसाला नुसतं पेज वाचून पन्नास जणांचा मसालेभात जमला पाहिजे. ऑगस्टमध्ये ट्रायल. जमला तर मुदपाक चालू, नाही तर कॅटरर. मी उभा राहिलो आणि काकांच्या आवाजात म्हणालो, "हूं. होऊन जाईल." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बेटा, आवाज काढणं वेगळं आणि भात काढणं वेगळं."

मी चौराह्याजवळ एका फोटोकॉपीच्या दुकानात काम करतो. फॉर्म भरणे, प्रिंट काढणे, कुरिअर घेणे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी. काका रोज त्या वेळेला यायचे, प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे आणि सांगायचे. मी टाइप करायचो. त्या विकीत लिहिणं सोपं आहे, जसं दिसतं तसंच छापतं. वर बटणांची पट्टी. शब्द निवडा, ठळक करा. ओळ निवडा, शीर्षक करा, की वरची अनुक्रमणिका आपोआप तयार. "घाला" दाबा, तक्ता घाला. मी सगळं मराठीत करून ठेवलं होतं. तिथे सेव्हला "जतन करा" लिहिलेलं असतं. आमच्या घरात कोणी जतन करत नाही, सगळे सेव्हच करतात. पण रोज पंधरा वेळा ते बटण दाबून मला शब्द आवडायला लागला.

काकांना ठळक फार आवडलं. आधी म्हणाले, पाण्याचं माप ठळक कर. मग तांदूळ किती वेळ निथळायचा ते. मग मसाला कधी. तिसऱ्या दिवशी अख्खं पेज काळं झालं. मी म्हटलं, "काका, सगळंच ठळक केलं तर ठळक काय राहिलं?" काकांनी पेज खालपर्यंत सरकवून बघितलं. मग म्हणाले, "हूं. बरोबर. डब्याडब्यावर लाल झेंडी लावून गाडी चालत नाही." आणि सगळं काढायला लावलं. एकच गोष्ट ठळक ठेवली, नैवेद्याचा नियम. नैवेद्य दाखवेपर्यंत मुदपाकात कोणीही चव बघायची नाही. जिभेला लागलं की उष्टं. मीठ कमी का जास्त, हे जेवायला बसल्यावरच कळतं. म्हणून काका सगळं कानाने आणि नाकाने करायचे.

कानाचं लिहिणं हा माझा विषय. काका म्हणायचे, "भात बोलायला लागला की झाकण." आता हे पेजवर काय लिहायचं? मी विचारलं, काय बोलतो भात? त्यांनी आवाज करून दाखवला, मी करून दाखवला, ते म्हणाले असा नाही, मी परत केला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला भैया येऊन विचारून गेला, काही लीक होतंय का. शेवटी मी लिहिलं: "आधी चुरचुर येते. ती थांबून फुसफुस सुरू झाली की आच कमी करून झाकण ठेवा." काकांनी वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडावर हसले.

भाजीच्या खान्यात मी "तोंडली" लिहिलं आणि पुढे "बाजारात कुंदरू म्हणा". नाही तर इथला भाजीवाला तुमच्याकडे नुसता बघत राहतो.

राहिलं मीठ. मिठाचं विचारलं की काका म्हणायचे, मीठ मी बघतो. पाच वेळा विचारलं, पाच वेळा हेच उत्तर. तेव्हा तक्त्यात दोनच कॉलम होते, शंभर माणसं आणि तीनशे माणसं. मी चेष्टेत मिठाच्या ओळीतले दोन्ही खाने जोडून एक केले आणि आत लिहिलं, "काकांना विचारा." खाली बदलांचा सारांश लिहायला एक डबी असते, तिथे लिहिलं, "मीठ काकांच्या ताब्यात." मला वाटलं, केवढा मोठा विनोद.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी काका आले आणि स्टुलावर न बसताच म्हणाले, "वजनकाटा काढ." आमच्याकडे कुरिअरचा काटा आहे. मी जाडं मीठ आणलं. त्यांनी मूठ भरली आणि काट्यावर टाकली. पन्नास ग्रॅम. परत भरली, एकोणपन्नास. परत, पन्नास. दहा वेळा केलं, काटा एकदासुद्धा फारसा हलला नाही. शंभर माणसांना सहा मुठी, म्हणाले, तीनशेला अठरा. मी मूठ काढून ग्रॅम लिहिले. तीनशे, नऊशे. त्याच जोडलेल्या खान्यात, एकापुढे एक. मग त्यांनी पूर्ण पेज मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं, त्यांच्याच आवाजात. ते म्हणाले, "माझ्यापेक्षा तूच जास्त ओरडतोस." मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं पूर्ण वाक्य.

ऑपरेशन नीट झालं. काका घरी आले, गळ्याला भोक, त्यावर मलमलचं फडकं, हातात शाळेची पाटी. मी आवाज काढणं बंद केलं. कोणी मना केलं नव्हतं. पण ज्याच्याकडे नाही त्याच्यासमोर ती वस्तू मिरवायची नाही, एवढं मलापण कळतं.

ट्रायल करणार होत्या एक वहिनी. भुसावळहून वर्षभरापूर्वी आलेल्या, त्यांचे मिस्टर रेल्वेत ड्रायव्हर. माझी मराठी ऐकून त्या पदर तोंडाला लावतात. मी म्हणालो होतो, "वहिनी, मी आपल्याला फोन लावून देईन." तर म्हणे, "भाऊ, आपल्याला म्हणजे तुम्हाला का मला?" त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, चार माणसांचा भात येतो, पन्नासचा देव जाणे. अशाच माणसाची गरज होती.

पन्नाससाठी वेगळा कॉलम हवा, म्हणून आदल्या दिवशी मी दुकानातून घालून टाकला. सगळ्या ओळी छान सरकल्या, मी शंभरचे आकडे अर्धे करून भरले. मिठाची ओळ जोडलेली होती, ती नीट सरकली नाही. मी तिचा जोड सोडवला आणि आकडे डावीकडून भरले. तीनशे, नऊशे. तेवढ्यात कोणीतरी आधार कार्डाची रंगीत प्रत मागितली. मी "जतन करा" दाबलं. सारांशात लिहिलं, "मीठ सुटलं."

रविवारी सकाळी मुदपाकात आम्ही चौघं. वहिनी चुलीपाशी, सेक्रेटरी काकू दारात वही घेऊन, काका कोपऱ्यात खुर्चीवर, मी पाणी आणायला. बाहेर नाचाच्या प्रॅक्टिसला आलेली पोरं आणि त्यांच्या आया, तेच पन्नास. वहिनी मोबाइलवर पेज वाचत होत्या. पहिला अर्धा तास असा गेला की मला स्वतःचा फार अभिमान वाटायला लागला. फोडणी, भाजी, मसाला, सगळं पेजवर जसं तसं. चुरचुर आली तेव्हा वहिनींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग मीठ मोजलं आणि ताटात घेतलं.

मी तेव्हा काय करत होतो? अनुक्रमणिकेचा फोटो काढत होतो, पुण्याला पाठवायला.

वर बघितलं तर काका खुर्चीतून उठले होते आणि त्यांचे दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर होते. झेंडी नसली तर गार्ड असंच दाखवतो, गाडी थांबव. मला समजायला दोन सेकंद लागले. वहिनींना अर्धा पण लागला नाही, रेल्वेच्या घरातल्या. ताट पातेल्यावर वाकडं झालं होतं, ते तिथेच थांबलं.

काका हळूहळू आले. ताटात हात घातला, एक मूठ काढून बाजूच्या वाटीत टाकली. दुसरी. तिसरी. मग वाटी वहिनींच्या हातात दिली आणि ताट माझ्या हातात. ताटात तेवढंच मीठ उरलं होतं.

मी इतिहास उघडला. या विकीत कोणी कधी काय बदललं सगळं राहतं, आणि तिथे माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, मीठ सुटलं. पन्नासच्या खाली तीनशे ग्रॅम. शंभरच्या खाली नऊशे. तीनशेचा खाना रिकामा, आणि तो मोबाइलच्या स्क्रीनच्या उजवीकडे बाहेर, सरकवल्याशिवाय दिसत नाही.

भात चांगला झाला. पोरांनी दोन दोनदा घेतला. सेक्रेटरी काकूंनीपण खाल्ला, हात धुतले आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भात काकांनी वाचवला. पेजने नाही. पुढच्या वर्षी काका खुर्चीत नसतील तर?"

काकू बरोबर होत्या. मी म्हटलं, चूक पेजची नाही, माझी आहे. त्या म्हणाल्या, पेज तूच आहेस. आणि वर, "सहावीतपण तू डावीकडूनच भरायचास."

मी एक मागणं मागितलं. पुढच्या रविवारी परत ट्रायल, आणि काका मुदपाकात नसतील, बाहेर बसतील. त्यात गडबड झाली तर कॅटररला मीच फोन करीन. काकूंनी वहीत लिहिलं. मला वाटतं माझा शब्द पहिल्यांदाच कोणी लिहून ठेवला.

मग मी आठ दिवस दुसरं काही केलं नाही. दुकानात गिऱ्हाईक गेलं की पेज उघडायचं. सगळे जोडलेले खाने सोडवले, एकपण ठेवला नाही. पन्नास, शंभर, तीनशे, तीन वेगळे तक्ते केले, एकाखाली एक, म्हणजे स्क्रीनच्या बाहेर काही जाणारच नाही. माझे विनोद काढून टाकले. एक बरा होता, तोपण काढला. आकडे मी वाचायचो आणि वहिनी फोनवर स्वतःच्या मोबाइलमधून परत वाचायच्या, प्रत्येक ओळ. एकदा मला झोप आली तर त्यांनी हळदीचा आकडा मुद्दाम चुकवला, बघायला मी पकडतो का. मी नाही पकडला. परत पहिल्यापासून.

गुरुवारी मी काकांकडे गेलो आणि विचारलं, चव तर बघायची नाही, मग चूक पकडायची कशी? तुमचे डोळे कुठून आणायचे? त्यांनी पाटीवर लिहिलं, "ड्रायव्हर काय करतो?" मला माहीत नव्हतं. मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने बोलतो, हिरवा. सोबतचा असिस्टंट स्वतः बघतो आणि परत बोलतो, हिरवा. दोघांनी म्हटल्याशिवाय काही खरं नाही. मिस्टर हे घरीपण कुकरच्या शिट्ट्यांना करतात, म्हणाल्या, डोकं खातात. काका ऐकत होते, मान हलवत होते.

पेजवर दुसरी ओळ ठळक झाली. "प्रत्येक माप एकाने पेजवरून मोठ्याने वाचावं. दुसऱ्याने ताटातलं बघून परत बोलावं. मगच पातेल्यात घालावं." यावेळी सारांशात काही गंमत लिहिली नाही. लिहिलं, "मिठाची ओळ दुरुस्त. चूक माझी होती."

दुसऱ्या रविवारी काका बाहेर, खिडकीखालच्या बाकावर, पाठ आमच्याकडे. वहिनी चुलीपाशी. वाचायचं काम माझं. मी वाचायला लागलो, "तांदूळ, पाच किलो." वहिनी म्हणाल्या, "तांदूळ पाच किलो." मी वाचलं, "तेल." दोन-तीन ओळींनंतर वहिनींनी पळी खाली ठेवली.

"भाऊ, असं काय वाचताय? मला वाटतंय मी जात प्रमाणपत्राचा फॉर्म भरतेय."

मी म्हटलं, मग कसं वाचू?

"ज्याचं आहे त्याच्यासारखं वाचा ना."

मी खिडकीकडे बघितलं. काकांची पाठ. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कान तर त्यांचे शाबूत आहेत. वळले नाहीत. फक्त उजवा हात बाजूला सरळ केला, खांद्याच्या उंचीवर, आणि तसाच धरून ठेवला. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "गाडी सोडली त्यांनी. चला."

मी हनुवटी छातीला टेकवली. पहिला "हूं" फाटका आला, सवय सुटली होती. दुसरा बरोबर लागला. "हूं. तोंडली, दीड किलो." वहिनी ताटात बघून म्हणाल्या, "तोंडली दीड किलो." बाहेर पोरांचं ओरडणं थांबलं. त्यांना वाटलं काका बोलले. मी पुढे गेलो. मसाला. पाणी. चुरचुर आली, थांबली, फुसफुस सुरू झाली, आणि मिठाची ओळ आली. माझा हात इतका घामेजला होता की स्क्रीन सरकेना.

"हूं. मीठ. दीडशे ग्रॅम."

वहिनींनी ताट काट्यावर ठेवलेलं होतं. बघितलं. "मीठ दीडशे ग्रॅम." मग पेजमध्ये नाही असं एक काम त्यांनी केलं. त्यातून मुठी भरून बघितल्या. त्यांची मूठ छोटी, चार भरल्या आणि थोडं उरलं. म्हणाल्या, "माझ्या चार आणि चिमूट. हेपण लिहा कुठेतरी." आणि मीठ घातलं.

नैवेद्य दाखवला. वाढलं. मी जेवलो नाही, सेक्रेटरी काकूंच्या समोर उभा राहिलो, एखाद्या वेटरसारखा. त्यांनी एक घास घेतला, चावला, चावला, या बाईने सहावीत असाच निकाल सांगितला होता. दुसरा घास घेतला. मग वाढणाऱ्याला हाताने खूण केली, अजून थोडा. पहिल्या ट्रायलला मी त्यांना दुसऱ्यांदा घेताना पाहिलं नव्हतं.

काका शेजारच्या पाटावर बसून भाताचं एक एक शीत बोटाने वेगळं करून बघत होते. आणि खात होते.

काकूंनी पान संपवलं, वही उघडली, कॅटररचा नंबर जिथे लिहिला होता त्यावर रेघ मारली. मग चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता तीनशेचा तक्ता काढ," म्हणाल्या. "पहिल्या ओळीपासून वाच. मी परत बोलते." आणि मी मोबाइल उघडला तर म्हणाल्या, "असं नाही. त्यांच्या आवाजात."